पाचवी गाडी

भिंगरीचा हात मंदावला होता, आणि ही गोष्ट जगात फक्त तिला एकटीला ठाऊक होती.

तिला तेरा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. दर सोमवारी शाळेत तपासणी व्हायची. काळ्या फळीवर दिवा लागला की समोरचं बटण दाबायचं, एवढंच काम. असे शंभर दिवे. किती वेळात दाबलं त्याचा आकडा थेट मेजरांच्या टेबलावर जायचा. हिवाळ्यापर्यंत भिंगरीचा आकडा सगळ्या शाळेत पहिला असायचा. मग एका सोमवारी तिला जाणवलं, की दिवा दिसणं आणि बोट हलणं यांच्यामध्ये कसलीतरी फट पडली आहे. पापणी लवायला लागतो त्याच्याही निम्मा वेळ. दुसऱ्या कुणाच्या ते खिजगणतीतही आलं नसतं, पण तिला ते लपवायलाच हवं होतं. मग तिने युक्ती शोधली. दिवा लागायच्या आधी फळीच्या आतून बारीकसा ‘टक्’ असा आवाज यायचा. दिव्याकडे बघायचं सोडून ती त्या आवाजावर बटण दाबायला लागली. आकडा पुन्हा पहिला आला. मेजरांनी पाठ थोपटली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळेच्या फाटकावर ‘विशेष गणित विद्यालय’ अशी पाटी होती. घरच्यांनाही तेवढंच सांगितलं होतं: पोर हुशार आहे, सरकार तिला खास गणित शिकवणार. मुलांची पत्रं वाचून, नको ते खोडून मगच बाहेर जायची. खरं तर ती धरणाच्या काठावरची बंद पडलेली काचेची फॅक्टरी होती. लांबलचक शेड, उंच खिडक्या, कोपऱ्यांतून अजून सापडणारे काचेचे मणी. तिथे एक्केचाळीस मुलं थवा चालवायला शिकत होती.

थवा म्हणजे तीनशे उडती यंत्रं. प्रत्येक यंत्र तळहाताएवढं आणि त्याच्या पोटात चिमूटभर स्फोटक. मोठ्या माणसांना थवा चालवता येत नसे. मोठा माणूस एकेक यंत्र मोजायला जातो आणि विसाव्या यंत्राशी त्याचा गोंधळ उडतो. काही मोजक्या मुलांना मात्र तो अख्खा दिसतो, आपलाच हात दिसावा तसा. डोक्यावर टोपी आणि हातांत तारांचे मोजे चढवायचे. हात उघडला की थवा पसरतो, मूठ मिटली की गोळा होतो. आठव्या-नवव्या वर्षी हे जमायला लागतं आणि तेराव्या वर्षी आटतं. का आटतं ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आटलेली मुलं सीमेवरच्या नकाशाखात्यात पाठवली जात. घरी कुणीच परत गेलेलं नव्हतं.

भिंगरीची ख्याती मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी होती. थवा दोन-तीन किलोमीटरांच्या पलीकडून चालवता येत नाही. त्यामुळे शत्रूचा थवा आला, की चालवणारा जवळच कुठेतरी गाडीत बसलेला असतो. थवा वळताना चालवणाऱ्याच्या बाजूची यंत्रं किंचित आधी वळतात, लांबची मागून. इतका सूक्ष्म फरक कॅमेऱ्यालाही पकडता येत नसे, पण भिंगरीला तो दिसायचा. गेल्या वर्षभरात तिने अशा चार गाड्या दाखवून दिल्या होत्या. तिने बोट ठेवायचं, मेजरांनी फोन उचलायचा, आणि टेकडीमागच्या तोफखान्याने पुढचं काम करायचं. गाडीत कोण असतं असं तिने पहिल्याच वेळी विचारलं होतं. “सैनिक,” मेजर म्हणाले होते.

वसंतात शाळेत एक नवी मुलगी आली. आठ वर्षांची, एवढीशी. इतकी लहान, की सगळे तिला ठिपकी म्हणायला लागले. तिला भिंगरीच्या हाताखाली दिलं. पोरीची नजर अशी होती, की भिंगरी पहिल्या दिवशीच मनात म्हणाली, ही माझी जागा घेणार. फक्त हात तोकडे होते. डाव्या टोकाच्या यंत्रांपर्यंत तिची पोच नव्हती, म्हणून वळताना तिच्या थव्याचं डावीकडचं शेपूट बाहेर फेकलं जायचं.

“शेपूट आवर,” भिंगरी ओरडायची.

“आवरतेय की! हातच पुरत नाही त्याला मी काय करू? रात्रीत वाढवून आणू का?”

आणखी एक खोड होती. सरावात आपलं एखादं यंत्र फुटलं की ठिपकीचा सगळा थवा क्षणभर थबकायचा. तिला वाईट वाटायचं. “अगं, यंत्र आहे ते,” भिंगरी समजवायची. ठिपकी मान डोलवायची आणि पुढच्या यंत्राला पुन्हा थबकायची.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला भोंगा झाला.

सरावाचा भोंगा तीन वेळा वाजायचा. हा थांबेचना. वर्गातली मुलं रांगेने जेवणघराकडे पळाली, कारण तिथलं छत सिमेंटचं होतं. मावशी दारात उभ्या राहून एकेकाला आत ओढत होत्या. मावशी म्हणजे मुलांचे कपडे, ताप, उवा आणि भांडणं सांभाळणाऱ्या बाई. त्यांचा धाकटा भाऊ फाटकावर पहारेकरी होता. मावशींचा भाऊ म्हणून साऱ्या शाळेचा मामा. भोंगा सुरू असतानाच फाटकाच्या दिशेने फटाक्यांची माळ लागावी तसा आवाज झाला. मावशींनी तिकडे पाहिलं. तरीही हातात आलेलं पोर त्यांनी आत ओढलं, आणि त्यामागचंही.

भिंगरी आणि ठिपकी जिना चढून चालकखोलीत पोचल्या. युद्धावर बसवता येतील अशी शाळेत तीनच मुलं होती, आणि त्यातली दोन त्या आठवड्यात सीमेवर होती. मेजर पडद्यांसमोर उभे होते. एका पडद्यावर फाटक दिसत होतं. चौकीच्या जागी धूर होता.

“मामा?” भिंगरीने विचारलं.

“बस,” मेजर म्हणाले. “अडीचशेच्या वर यंत्रं आहेत. त्यांचा रोख जेवणघरावर आहे. तिथे सदतीस मुलं आहेत.”

भिंगरीने टोपी चढवली, मोजे घातले आणि हात उघडले. छपरावरून तीनशे यंत्रं उठली. समोर, धरणाच्या भिंतीवरून, दुसरा थवा काळ्या पदरासारखा खाली येत होता. तिने त्याची वाट अडवायला उजवी बाजू पुढे घातली, आणि तिथेच घोळ झाला. फट. अर्ध्या पापणीएवढी. समोरच्या थव्याने तेवढ्यात वळून तिची तीस यंत्रं कापून काढली. तिने सावरलं, पुन्हा अडवलं. पुन्हा उशीर. आणखी वीस गेली. जेवणघराच्या छतावर पहिले तीन स्फोट झाले.

“काय चाललंय?” मेजर ओरडले.

कितीही जीव तोडला तरी हात ऐकत नव्हता. लपवून ठेवायला आता जागाच उरली नव्हती.

“सर, मला उशीर होतोय. हिवाळ्यापासून. मी तपासणीत फसवलं.” ती टोपी न काढताच बोलली. “ठिपकी, ये. मांडीवर बस.”

“एका खुर्चीत दोघी? असं कधी...”

“सर, वेळ नाहीये!”

ठिपकी आपली टोपी चढवत धावत आली आणि मांडीवर बसली. भिंगरीने उजव्या हातातला मोजा काढून तिला दिला. तिच्या कोपरापर्यंत तो आला. ठिपकीने पडद्याकडे पाहिलं, आणि थव्याची उजवी बाजू अशी उसळली की भिंगरीला डावी बाजू तिच्यामागे ओढत न्यावी लागली. वेगाचं काम ठिपकीचं, लांबच्या पोचेचं काम भिंगरीचं. पहिली काही वळणं धसमुसळी झाली, मग दोघींचा मेळ बसला. शत्रूचा थवा जेवणघरावरून हटला, मागे सरकला आणि वळला.

वळताना त्याचं डावीकडचं शेपूट बाहेर फेकलं गेलं.

वाऱ्याचा झोत असेल म्हणून भिंगरीने त्याला मुद्दाम पुन्हा वळायला लावलं. पुन्हा शेपूट बाहेर. तिने समोरचं एक यंत्र फोडलं. समोरचा अख्खा थवा क्षणभर थबकला.

“भिंगरीताई,” मांडीवरून ठिपकी हळूच म्हणाली, “तिकडे माझ्यासारखी कुणीतरी आहे.”

मेजरांनी ते ऐकलं. त्यांच्या हातात तोफखान्याचा फोन तयार होता. “गाडी कुठे आहे?” ते म्हणाले. “भिंगरी, आधी कोण वळतंय? बोट ठेव.”

तिला दिसत होतं. धरणाच्या पलीकडे, पंपघराच्या वरच्या वळणावर, झाडांच्या आडोशाला. डोळे मिटूनही ती बोट ठेवू शकली असती.

“सर, ते मूल आहे.”

“बोट ठेव.”

“आधीच्या चार गाड्यांत कोण होतं?”

लढाईच्या ऐन मध्यावर मेजरांनी पडद्यावरची नजर काढून हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि भिंगरीला तिचं उत्तर मिळालं. तिने डावा हात हलता ठेवला.

“तुम्हाला माहीत होतं.”

“मला हे माहीत होतं, की त्यांना थांबवलं नाही तर तुम्ही मरता,” मेजर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “आत्ताही तेवढंच माहीत आहे. सदतीस मुलं, भिंगरी. बोट ठेव.”

“मी थवा पाडते. त्यांची बॅटरी चौदा मिनिटांची, दहा संपलीत. आपली नवी आहे. मला चार मिनिटं द्या.”

“दोन.”

“दोन मिनिटांत नाही होत, सर!”

“मग बोलण्यात वेळ घालवू नकोस.”

भिंगरीने ठिपकीच्या कानाशी तोंड नेलं. “शिवाशिवी खेळायची. आपण पळायचं. तिला वाटलं पाहिजे की आता हात लागेल, आता लागेल.”

“आणि लागला तर?”

“तर तू जोरात पळ.”

त्यांनी थवा फोडला. जेवणघरासमोर उभी असलेली यंत्रांची भिंत अचानक उघडी पडली आणि तिच्या चिंधड्या जलाशयाकडे पळाल्या. मेजर काहीतरी ओरडले. जेवणघर उघडं होतं, वर आभाळ मोकळं होतं, आणि समोरच्याने सरळ खाली सूर मारला असता तर सगळं एका क्षणात संपलं असतं. भिंगरीने जीव मुठीत धरला. शत्रूचा थवा जेवणघरावर घिरट्या घालत राहिला, जसा एखादा पोरगा खेळ सोडून घरी जावं की नाही याचा विचार करतो. ठिपकीने मुठीत धरलेली दहा यंत्रं त्याच्या नाकासमोरून नेली आणि हुलकावणी दिली.

समोरचा थवा मागे लागला.

पुढची मिनिटं भिंगरीला नंतर नीट आठवली नाहीत. पाण्यावरून वर, धरणाच्या भिंतीला वळसा, पुन्हा पाण्यावर. ठिपकीचं इवलंसं कोपर तिच्या बरगडीत रुतत होतं. दोन मिनिटं होऊन गेली. मेजर फोन धरून उभे होते आणि घड्याळाकडे बघत नव्हते. मग समोरच्या थव्यातलं एक यंत्र डुलायला लागलं आणि पाण्यात पडलं. मग चार. मग पन्नास. समोरच्याला आता कळलं होतं. उरलेला थवा वळून जेवणघराकडे झेपावला, पण किनारा गाठेपर्यंत त्याच्यात जीव उरला नाही. सगळी यंत्रं गारांसारखी पाण्यात गेली.

ठिपकी हसली. मग तिला हुंदका आला.

“आता गाडी,” मेजर म्हणाले. “ती पळायच्या आत.”

“माहीत नाही, सर,” भिंगरी म्हणाली.

“खोटं बोलतेस.”

मेजर खाली वाकले, ठिपकीच्या तोंडासमोर तोंड आणलं. “बाळ, तू हुशार आहेस. तुलाही दिसलं असणार. धरणाच्या उजव्या अंगाला की डाव्या?”

ठिपकीने आधी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या. नाक पुसलं. “मला अजून उजवं-डावं नीट कळत नाही, सर,” ती म्हणाली.

तीनशे यंत्रं नाचवणारी पोर ती. मेजर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी फोनवर अंदाजाने एक जागा सांगितली, आणि तोफा पाव तास धरणाच्या चुकीच्या अंगाला गरजत राहिल्या. दुपारी सैनिकांना पंपघराच्या वरच्या वळणावर चाकांच्या खुणा मिळाल्या. गाडी निघून गेली होती.

मामा मात्र पहिल्याच फेरीत गेला होता.

दुसऱ्या दिवशी तीन अधिकाऱ्यांसमोर चौकशी झाली. भिंगरीने काहीही लपवलं नाही: तपासणीतली फसवणूक, शेपूट, थबकणं, चार गाड्या. मधल्या अधिकाऱ्याने लिहिणाऱ्याला सांगितलं, “गाड्यांचं गाळा.” निकाल लागायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस तिची रवानगी नकाशाखात्यात व्हायची होती.

तिचं सामान बांधायला मावशी आल्या. भावाचं सगळं उरकायला त्यांना चार दिवसांची रजा मिळाली होती; त्या निघायच्या बेतातच होत्या. लाल डोळ्यांनी त्यांनी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

“गाडी कुठे होती, तुला माहीत होतं ना?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मेजरांशी खोटं बोलताना भिंगरीला काही वाटलं नव्हतं. इथे तिला ते जमेना. “हो.”

मावशींच्या हातातली घडी तशीच राहिली. “माझ्या भावाला मारून गेला तो. आणि तू त्याला जाऊ दिलंस.”

“मावशी, ते मूल होतं. ठिपकीएवढं.”

“मूल!” मावशी ओरडल्या. त्यांनी हात उगारला. भिंगरी सरकली नाही. तिला तो फटका हवाच होता. हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला. मावशी पलंगाच्या कडेवर मटकन बसल्या.

“ठिपकीएवढं पोर,” त्या म्हणाल्या. “आणि त्याला तिथे आणून बसवलं कुणी?”

“त्यांच्या मेजरांनी असेल.”

“आणि आईबापांना काय सांगितलं असेल?”

भिंगरीने खांदे उडवले. “गणित.”

मावशी उठल्या, तोंड धुतलं, कपाटातली मुलांची नोंदवही काढली आणि सगळ्या घरांचे पत्ते एका कागदावर उतरवून घेतले. भावाला निरोप दिला त्याच संध्याकाळी त्यांनी लिहायला घेतलं. एक्केचाळीस पत्रं, प्रत्येक पत्र हाताने. ‘तुमचं मूल गणित शिकत नाही. ते लढतं. इथे बॉम्ब पडले आहेत. कागदोपत्री तुम्हाला त्याला केव्हाही परत नेता येतं. या.’ ती त्यांनी शहरात जाऊन स्वतः टाकली.

पत्रं टाकल्यापासून पाचव्या दिवशी फाटकावर पहिली गाडी आली, मग बसने माणसं आली, मग रीघच लागली. आया रडत होत्या, बाप कारकुनाची कॉलर धरत होते. कारकुनाला शिक्के मारता मारता घाम फुटला. भिंगरीचे बाबा चष्म्याच्या काचा घासणारे. दुकानातला एप्रनही न काढता आले होते. चार वर्षांत पोर केवढी वाढली ते त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. ठिपकीला आजोबांखेरीज कुणी नव्हतं आणि ते अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी पाठवली होती: जो कुणी भला माणूस येईल त्याच्याबरोबर माझी नात पाठवा. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि कारकुनाला म्हणाले, “मी आहे.”

निघताना मेजर आडवे आले. आठ दिवसांत त्यांचं वय वाढल्यासारखं दिसत होतं. “पुढचा थवा आला तर अडवायला इथे कुणी नसेल,” ते म्हणाले.

“मग तो मुलांवर पडणार नाही, सर,” भिंगरी म्हणाली. आपण बरोबर आहोत का हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

सात मुलांसाठी कुणीच आलं नाही. ती जेवणघराच्या खिडकीत उभी होती. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मंगळवारी पुन्हा यायचं ठरवलं. मंगळवारी ते खरंच गेले, मोठी गाडी मागून आणून. फाटकाला कुलूप होतं. मुलांना रात्रीतून हलवलं होतं. कुठे, ते पहारेकरी सांगेना. मावशींना अटक झाल्याचं मात्र त्याने सांगितलं.

त्या आठवड्यात भिंगरी नीट जेवली नाही. तिला वाटायचं, आपण बोललो तर लोक आपल्यालाच विचारतील, त्या चार गाड्या कुणी दाखवल्या? ठिपकी तिच्या शेजारी झोपायची आणि झोपेत हात हलवायची. एका सकाळी, तो हात हवेत थबकलेला बघून, भिंगरी उठली आणि बाबांना म्हणाली, “मला वर्तमानपत्राच्या कचेरीत घेऊन चला.”

कचेरीत एक पोक्त बातमीदार बाई होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, टेप सुरू केला आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. “घाबरू नकोस. त्या सात मुलांची नावं सांग आधी. बाकीचं तुला जमेल तसं.”

भिंगरीने सातही नावं सांगितली. मग तिने बाबांकडे पाहिलं. ते दाराशी उभे होते; त्यांना यातलं अजून काहीच ठाऊक नव्हतं.

“बाबा, तुम्हीपण बसा,” ती म्हणाली, आणि पहिल्या गाडीपासून सांगायला सुरुवात केली.